पहिलं बाळंतपण इचलकरंजीला

वर्षाराणी गेली तेव्हा चाळिशीलाही पोचली नव्हती. आमच्या गल्लीत अजून सांगतात की मिरचीनं तिच्या छातीत घेतलं. साफ खोटं. मी उभी हयात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. मिरची ठसका आणते, नाक वाहायला लावते, फार तर पित्त खवळवते. चांगल्या धडधाकट बाईचं हृदय बंद पाडायला मिरची पुरत नाही. तिचं काय झालं ते मला आता माहीत आहे, म्हणून लिहिते आहे.

मंगळवार पेठेत गल्लीच्या तोंडाशी तिचा डंक होता. डंक म्हणजे चटणी कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं एका ओळीत उभी, पट्ट्यावर वर चढतात आणि धाडकन उखळात आदळतात. एरवी शेजारीच असलेल्या तिच्या गिरणीवर ज्वारी-गव्हाचं दळण चालायचं, पण होळी झाली की पाऊस लागेपर्यंत नुसती चटणी. भाजलेल्या मिरच्या, खोबरं, तीळ, कांदा-लसूण घेऊन बाया यायच्या आणि आपली चटणी दुसरीच्या चटणीत मिसळू नये म्हणून पाटीला चिकटून बसायच्या. वर्षाराणी नाकातोंडाला टॉवेल बांधून उखळात चमचा घालत उभी. नुसते डोळे दिसायचे, तेही लाल. यंत्राच्या आवाजावर ओरडून ओरडून तिचा आवाजच तेवढा झाला होता. डंक बंद असला तरी ती पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असंच बोलायची.

दारात खुर्ची टाकून तिची सासू तानाबाई. हिचं काम नंबर सांभाळायचं आणि तोंड चालवायचं.

"नंबर लावल्याबिगर पाटी टेकवायची न्हाय. आमदाराची बायको आली तरी नंबर."

"आत्ती, आमदाराची बायको चटणी इकत आणती," आतून वर्षाराणी.

"मग तिच्यात जेवाय जाऊ नगंस."

माझी पाटी आली की वर्षाराणी मिरच्या चिवडून बघायची. "बाई, ही चटणी म्हंजे आजारी माणसाची. लवंगी घालाय भ्या वाटतंय व्हय?"

"माझं वय बघ, मग लवंगी घाल."

"तुमचं वय? तुमी आमाला पोचवून जाणार की."

असं बोलायची. बोलायचं म्हणून बोलायची.

तानाबाईंचा मुलगा धैर्यशील टेम्पो चालवतो. माणूस सरळ, पण घरात त्याच्या शब्दाला कोणी विचारत नाही. तानाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "माझ्या पोराला पट्टा चढवाय येत न्हाय. सून हाय म्हणून डंक चाललाय." सुनेला ठसका लागला की खुर्चीतून उठून गूळपाणी देणार त्याच. दुसऱ्या कुणाला देऊ देणार नाहीत. बाजाराला दोघी, देवीला दोघी, दवाखान्याला दोघी. सासू-सुनेचं एवढं गूळपीठ बघून गल्लीतल्या बायांच्या पोटात दुखायचं.

आता तिच्या पहिल्या बाळंतपणाचं सांगते. हे मला ती गेल्यावर तिच्या आईकडून कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकते. रंगत आणायला गोष्ट दडवून ठेवणं मला जमत नाही.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरून वर्षाराणीला इचलकरंजीला पाठवलं. वडील यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळीनं कामाला, आई चिमणाबाई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. पोरीचे पाय सुजले, मग तोंड सुजलं. पहिलटकरणीला सूज येतेच, असं शेजारणींनी सांगितलं. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे यायला लागले. अशक्तपणा आहे, शिरा खा. आणि आठवा लागल्यावर एका सकाळी ती न्हाणीच्या दारात कोसळली. हातपाय ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, प्रेशर फार वाढलंय, त्यानं झटके आलेत, बाळ आत्ताच काढायला पाहिजे. सिझर झालं. पोरगी वीतभर, ती काचेच्या पेटीत. वर्षाराणी दोन दिवस शुद्धीवर नाही.

डॉक्टरांनी चिमणाबाईला नीट समजावलं होतं, हे मी मुद्दाम सांगते. म्हणाले, हे फेफरं नाही, प्रेशरचं आहे. झटके आता थांबतील, पण हिचं प्रेशर जन्मभर बघत राहा, आणि पुढं कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तर पहिल्यांदा हे सांगा.

चिमणाबाईच्या डोक्यात त्यातला एकच शब्द शिरला. झटके. कारण तिची धाकटी बहीण विठाबाई. तिला खरंच फेफरं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी चुलीपुढं झटका आला, सासरच्यांनी आणून सोडलं, ते परत न्यायला कोणी आलं नाही. भावाच्या घरच्या सोप्यात शेंगा फोडत म्हातारी झाली आणि तिथंच मेली. चिमणाबाईनं शुद्धीवर आलेल्या लेकीला पोरीची शपथ घातली.

"सासरी ह्यातलं एक अक्षर काढायचं न्हाय. पोटात पाणी कमी झालतं म्हणून कापलं, एवढंच. फेफऱ्याची म्हणतील आन ह्या उंदराएवढ्या लेकराबरोबर तुला दारात आणून टाकतील. इठीचं बघितलंयस न्हवं?"

तिनं बघितलं होतं. धैर्यशील तेव्हा ट्रकवर होता, गुजरातेत. वर्षाराणी जरा उठून बसल्यावरच सासरी फोन गेला. तानाबाई रीतीप्रमाणं बारशाला आल्या, बाळंतविडा घेऊन. तोवर सूज उतरली होती. पोरीचं नाव अनुजा ठेवलं, पेढे वाटले, आणि विषय संपला.

दुसरं मूल वर्षाराणीनं होऊ दिलं नाही. तानाबाई वर्षानुवर्षं टोचत राहिल्या. "एकटं लेकरू. भांडाय तरी कोण पाहिजे का नको तिला?"

"तुमच्याशी भांडती की," वर्षाराणी हसून म्हणायची.

पुढं तानाबाईंनी नातवाचा नाद सोडला आणि नातीला डोक्यावर बसवलं. अनुजा सायन्ससाठी माझ्याकडे यायची. हुशार पोरगी. एखादी गोष्ट पटली नाही तर मान हलवायची नाही, तशीच बघत बसायची.

गेल्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. वाण म्हणून दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे वाटून मला कंटाळा आला होता. माझी एक विद्यार्थिनी वल्लरी आता हृदयाची डॉक्टर आहे, तिला बोलावलं आणि जाहीर केलं की यंदा वाण म्हणजे प्रेशरची तपासणी.

"बाई, तपासा की. पण डबा पण द्या," मागून कोणीतरी.

"डबा भरून प्रेशर न्या," वर्षाराणी ओरडली. सगळ्या हसल्या.

वल्लरी चांगलं बोलली. बाईचं हृदय आणि बाईचं बाळंतपण यांचा संबंध असतो, तो आपल्याला कोणी सांगत नाही, म्हणाली. गरोदरपणात प्रेशर वाढलं, साखर वाढली, झटके आले, बाळ दिवसांआधी झालं, पोटातलं गेलं, यातलं काहीही झालेल्या बाईला पुढं हृदयाचा धोका इतरांपेक्षा जास्त. तो धोका म्हातारपणाची वाट बघत नाही. पस्तिशीतसुद्धा येतो. बाळंत झाली, प्रेशर उतरलं, म्हणजे संपलं असं समजू नका. दरवर्षी तपासा, आणि डॉक्टरनं विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा.

इथपर्यंत ठीक. मग तिनं विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला गरोदरपणी असं काही झालं होतं? हात वर करा बघू."

वीस-पंचवीस बाया, निम्म्या आपापल्या सासवांबरोबर. एकही हात वर नाही. मी वर्षाराणीच्या समोरच तिळगुळाचं ताट घेऊन उभी होते. तिचा हात मांडीवरून उचलला गेला, खांद्यापर्यंत आला, आणि मग तिनं कानामागची बट सावरली. शेजारी तानाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्यात न्हाय बा असलं काय."

माझ्या मनात काही आलं नाही. बट सावरणाऱ्या बाईकडे कोण बघतं? पण वल्लरीला मी जाताना झापलं. असला प्रश्न चारचौघींत विचारतात का? एकेकीला आत घेऊन विचार. ती म्हणाली, "बाई, एकेकीला आत घेतलं तरी सासू आत येते." तेही खरंच होतं. प्रेशर बघायची पाळी आली तेव्हा वर्षाराणी निघून गेली होती. गिरणीवर दळण आलंय म्हणाली.

एप्रिलमध्ये हंगाम ऐन भरात होता. दुपारी ती माझ्या पायरीवर येऊन बसली, टॉवेल गळ्यात, तोंड राखेसारखं.

"बाई, पाणी द्या जरा. जबडा दुखालाय."

"दात दाखव."

"दाताचं न्हाय. हितनं निघतंय आन खांद्यात उतरतंय. जिना चढलो की धाप लागालीया. मिरचीचं असंल."

"मिरची खांद्यात कशी जाईल? ऊठ, डॉक्टरकडं चल."

"हंगाम हाय बाई. पाऊस लागू दे, जातो की."

मी तिचं ऐकलं नाही, रिक्षा थांबवली. तानाबाई खुर्ची सोडून धावत आल्या.

"नंबर कोण बघणार?" वर्षाराणी म्हणाली.

"खड्ड्यात गेला नंबर," म्हणत त्या आत बसल्या आणि सुनेचं डोकं खांद्यावर घेतलं.

दवाखाना जवळचाच, त्यांच्या घरचा नेहमीचा. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. प्रेशर वर होतं.

"आधी कधी प्रेशरचा त्रास? बाळंतपणात वगैरे?"

"कधीच न्हाय," तानाबाई म्हणाल्या. "सिझर झालतं पाणी कमी झालं म्हणून. बाकी माझी सून वाघीण हाय."

वर्षाराणीनं सासूकडं बघितलं, मग पायांकडं.

डॉक्टर म्हणाले, उन्हाचं आहे, दगदगीचं आहे, पित्त आहे. मी म्हटलं, ईसीजी काढा. ते हसले. "बाई, वय बघा तिचं. पाळी चालू असलेल्या बाईला हृदयाचं एवढं भय नसतं. पुरुष असता तर आत्ता काढला असता." मी त्यांना वल्लरीनं सांगितलेलं सगळं ऐकवलं. ते ऐकून घेतात, म्हातारी बडबडते म्हणून. पित्ताची गोळी दिली आणि प्रेशर पुढच्या आठवड्यात परत बघू म्हणाले.

घरी येऊन मी वल्लरीला फोन केला आणि वेळ ठरवली. वर्षाराणीला सांगितलं तेव्हा ती, आयुष्यात पहिल्यांदा असेल, हळू आवाजात बोलली.

"बाई, आपण दोघीच जाऊया. आत्तीला नगो सांगायला."

"का गं?"

"एक सांगायचंय डॉक्टरणीला. त्यांच्यापुढं न्हाय येत सांगाय."

ठीक आहे म्हटलं. मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी मी डंकावर गेले तर तानाबाई ठेवणीतलं इरकल नेसून, केस चापून, पिशवीत पाण्याची बाटली आणि केळी घेऊन तयार. धैर्यशील आईपाशी बोलून गेला होता.

"मी न्हाय तर कोण जाणार हिच्यासंगं? तुमी बाई वयस्कर, तुमचीच चक्कर आवरायची कोणी?"

वर्षाराणी उखळापाशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मग टॉवेल नाकावर चढवला आणि ओरडली, "आज न्हाय जमायचं बाई. लई पाट्या हाईत. पुढच्या आठवड्यात बघू."

तानाबाई तिच्यावर चिडल्या. "काम काम काम. मरंस्तवर काम कर." पिशवीतली केळी काढून तिच्या पुढ्यात आदळली. मीही चिडले. दोघी चिडलो आणि दोघींना कळलं नाही कशावर.

पुढचा आठवडा आला नाही. शनिवारी भर दुपारी ती उखळापाशी वाकली ती उठलीच नाही. पाट्या घेऊन बसलेल्या बाया किंचाळल्या. मुसळं तशीच आदळत होती, यंत्र बंद कसं करायचं ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी तानाबाईंनी भिंतीवरचा विजेचा मोठा खटका ओढला आणि गल्ली एकदम गप्प झाली. धैर्यशीलनं तिला टेम्पोत घातलं. वल्लरी काम करते तिथंच नेलं.

चिमणाबाई इचलकरंजीहून येऊन पोचली तेव्हा आम्ही कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो होतो. लहानखुरी, वाकलेली बाई. तोंडाला पदर. तानाबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "काय होत न्हाय इहीनबाई. वाघीण हाय आपली."

वल्लरी बाहेर आली. "मोठा अ‍ॅटॅक आहे. हृदय नीट चालत नाहीये. या वयात एवढं सहसा होत नाही. आधी काही होतं का हिला? प्रेशर, साखर? बाळंतपणात काही?"

"काय न्हाय डॉक्टर," तानाबाई लगेच. "पाणी कमी झालतं तेवढंच."

"बाळंतपण कुठं झालं?"

"पहिलं न्हवं का, माहेरी. इचलकरंजीला. ह्या बघा तिच्या आई, विचारा त्यास्नी."

सगळ्यांची तोंडं चिमणाबाईकडं. तिनं पदर तोंडावरून काढला आणि एका दमात सांगितलं. सूज, डोकेदुखी, न्हाणीचं दार, फेस, दोन दिवस. डॉक्टर काय म्हणाले तेसुद्धा, शब्दाला शब्द. इतकी वर्षं ते तिनं जसंच्या तसं जपून ठेवलं होतं.

वल्लरीनं विचारलं, "त्यानंतर प्रेशर कधी तपासलं?"

"न्हाय."

"बरं," म्हणाली आणि आत वळली. मी तिच्या मागं गेले. "आता हे कळून काही फायदा?"

"आत्ता फारसा नाही, बाई. आत्ता जे करायचं ते तसंही करतोच आहोत." दार ढकलत म्हणाली, "दहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर रोजची एक गोळी दिली असती. कदाचित तेवढ्यानं भागलं असतं."

परत आले तर बाकावर दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा पडली होती. धैर्यशील भिंतीला टेकून खाली बसला होता, त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

"मी परत पाठवली असती तिला?" तानाबाई म्हणाल्या. "मी? सुनेला ताटातला घास काढून देणारी मी?"

"आता न्हाय पाठवली असती तुमी," चिमणाबाई म्हणाली. "पण तवा मला काय ठावं? बैठकीत एकदा बघितलं तुमाला, लग्नात एकदा. माझ्या इठीची सासू बी लई ग्वाड बोलायची."

तानाबाईंच्या तोंडून पुढं जे आलं ते ऐकायला माझी तयारी नव्हती.

"पाठवली असती," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? तवा जशी हुतो तशी मी, पाठवलीच असती. पोरगी झाली म्हणून बी मी बारशात तोंड वाकडं केलतं. झटके म्हटल्यावर ठेवून घेतली नसती. तुमी केलं ते बराबर केलं." मग त्या चिमणाबाईकडं वळल्या. "पण मागनं कवातर सांगायचं की ओ. चार वर्सांनी सांगायचं. धा वर्सांनी सांगायचं. मी बदललो ते तुमाला कुणी सांगितलं न्हाय व्हय? तिला तरी दिसत हुतं की! रोज दिसत हुतं!"

"लेकराची शपथ हुती," चिमणाबाई म्हणाली. "मी घातल्याली. सोडवायची राहून गेली."

थोड्या वेळानं एकेकाला आत सोडलं. तानाबाई गेल्या तेव्हा मी त्यांना धरून होते. नळ्या, टेप, यंत्राचा टिकटिक आवाज. ज्या बाईचा आवाज गल्लीभर जायचा ती बाई त्या पलंगाच्या एका कडेला मावली होती. तानाबाई तिच्या कानाशी वाकल्या.

"वर्षे, मला सांगितलंय तुझ्या आईनं. सगळं सांगितलंय. मी काय रागावलो न्हाय. चल, घरला जाऊया."

ऐकलं की नाही, मला माहीत नाही. वल्लरीला मी विचारलं नाही, कारण ती बरं वाटावं म्हणून हो म्हणाली असती. दिवेलागणीला वर्षाराणी गेली.

दुखवट्याला बाया यायला लागल्या. बायांचं ठरलेलं असतं, येतात, पदर डोळ्यांना लावतात, विचारतात, कसं ओ झालं एकाएकी? आणि कोणीतरी म्हणतं, मिरचीनं छातीत घेतलं असंल. तानाबाई त्यांना तिथंच तोडायच्या.

"मिरचीनं न्हाय. पहिल्या बाळंतपणात प्रेशर वाढून झटके आलते. आमाला ठाऊक न्हवतं. तिचं प्रेशर कधी कुणी बघितलं न्हाय. तुझं पहिलं बाळंतपण कुठं झालं गं? काय झालतं? सूज आलती?"

एकीची सासू शेजारी, एकीचा नवरा दारात. रडायला आलेल्या बाया चहा न घेता उठून जायच्या. बाहेर गेल्यावर म्हणायच्या, म्हातारीचं डोकं फिरलं. चिमणाबाई कोपऱ्यात मान खाली घालून बसायची, पण एकदाही म्हणाली नाही की थांबा. मला मनातून बरं वाटत होतं. एवढ्या वर्षांचं झाकलेलं कोणीतरी उघडं करत होतं, तेही ज्या माणसापासून झाकलं होतं त्यानंच. मी माझ्या परीनं भर घालत होते. हे व्हायलाच पाहिजे, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

फक्त आम्हा तिघी म्हाताऱ्यांपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही की आतल्या दाराशी अनुजा बसून हे रोज ऐकते आहे. दहावीची परीक्षा नुकतीच झालेली. पोरगी रडतही नव्हती फारशी. आल्या-गेल्याला पाणी द्यायची, पेले विसळायची आणि परत उंबऱ्यावर येऊन बसायची.

एका दुपारी बाहेरचं कोणी नव्हतं तेव्हा तिनं विचारलं.

"आजी, म्हंजे माझ्यामुळं व्हय?"

तानाबाईंना आधी कळलंच नाही. "काय तुझ्यामुळं?"

"मी पोटात हुतो म्हणून प्रेशर वाढलं. प्रेशर वाढलं म्हणून झटके. झटक्यामुळं पुढं हे. आन माझीच शपथ हुती म्हणून आई बोलली न्हाय." तिनं गणिताच्या पायऱ्या मांडाव्यात तसं मांडलं. "मी झालो नसतो तर आई असती."

चिमणाबाईनं कोपऱ्यात तोंडात पदर कोंबला. तानाबाईंनी नातीला ओढून छातीशी धरलं आणि "न्हाय गं, न्हाय गं माझ्या बाई," एवढंच म्हणत राहिल्या.

म्हणून मी बोलले. मी तिला समोर बसवलं आणि नीट सांगितलं. मूल हे कारण नसतं. गरोदरपणी शरीरावर ताण येतो, आणि जिथं आधीच कमजोरी असते ती त्या ताणात दिसून येते. तुझ्या जन्माच्या वेळी तुझ्या आईच्या शरीरानं एक खूण दाखवली. ती खूण वाचायचं काम मोठ्यांचं होतं. मोठ्यांनी ती झाकली. तू तेव्हा वीतभर होतीस आणि काचेच्या पेटीत होतीस. आणि तू झालीस म्हणून खूण दिसली तरी. दुसऱ्या कुणाच्या हातात पडली असती तर तुझी आई त्याच खुणेवर वाचली असती. तुझ्या पुढच्या आयुष्यात, लग्न झालं, मूल झालं, तर डॉक्टरला तुझ्या आईचं हे पहिल्यांदा सांगायचं, कारण आईचं लेकीत उतरू शकतं.

सगळं शास्त्राला धरून सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता.

ती माझ्याकडं बघत होती. मी थांबले, विचारलं, "पटलं का?"

तिनं मान हलवली नाही. "पाणी आणतो आजीला," म्हणाली आणि उठून आत गेली.

आता ती अकरावीला आहे. सायन्सच घेतलं. संध्याकाळी माझ्याकडं येते, रसायनशास्त्र शिकते, सगळं चटकन कळतं तिला. अधूनमधून मी पुस्तक मिटते आणि ते सगळं पुन्हा सांगते, दरवेळी थोडं वेगळ्या शब्दांत. ती शेवटपर्यंत ऐकून घेते. मग पुस्तक परत उघडते.